ॲनिमेटेड पात्रांची घडण आणि मुलांच्या भावना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधील मराठी घरांतल्या मुलांसाठी आम्ही काही शिक्षक मिळून रविवारी सकाळी ऑनलाइन वाचनवर्ग चालवतो. ही मुले शाळेत हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात, मित्रांशी हिंदीत बोलतात आणि मराठी त्यांच्या कानावर येते ती बहुतेक आजी-आजोबांच्या तोंडून. आपल्या वयाचे, मराठी बोलणारे कोणीतरी मुलांसमोर असावे म्हणून आम्ही पाठांत एक ॲनिमेटेड मैना आणली. त्या मैनेविषयी आणि एकूणच शैक्षणिक ॲप व व्हिडिओंतील पात्रांविषयी पालकांकडून, आज्यांकडून आणि इतर शिक्षकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

१. पात्राची घडण म्हणजे नेमके काय? चित्र सुंदर असले की पुरे नाही का?

चित्र हा त्या घडणीचा एक भाग झाला. डोळ्यांचा आकार, भुवयांचे वळण, शरीराची गोलाई किंवा टोकदारपणा, रंग, चाल, आवाज, पात्र कोणाकडे पाहते आणि मुलाने काही केल्यावर किती वेळाने प्रतिसाद देते, हे सर्व घडणीतच येते. यांपैकी हालचालीचा प्रभाव किती मोठा असतो, हे १९४४ मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी दाखवून दिले. त्यांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकटीभोवती फिरताना दाखवले. त्या आकृत्यांना ना डोळे होते ना तोंड, तरीही पाहणाऱ्या जवळजवळ सर्वांनी दांडगट, भित्रा, धाडसी अशा शब्दांत त्यांची गोष्ट सांगितली. इंदूरकरांना हे पटवून देण्याची फारशी गरज नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांच्या परंपरेतल्या झांक्या (फिरते देखावे) निघतात, तेव्हा यंत्रावर हलणाऱ्या एखाद्या मूर्तीने नुसती मान वळवली तरी बाबांच्या खांद्यावर बसलेले मूल तिच्याशी बोलू लागते.

२. मुलाला मजा वाटणे वेगळे आणि त्याला समजणे वेगळे. मग भावनांचा एवढा विचार कशासाठी?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे खरे आहे, आणि पुढील अनेक उत्तरे त्याच भेदावर उभी आहेत. तरीही त्या एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत. राइनहार्ड पेकरुन यांनी २००६ मध्ये सविस्तर मांडलेल्या सिद्धान्तानुसार अभ्यासाच्या वेळी येणारी भावना मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरते : हे माझ्या आवाक्यात आहे का, आणि हे माझ्या दृष्टीने मोलाचे आहे का. आवाक्यात आणि मोलाचे वाटले तर गोडी लागते. मोलाचे वाटते पण आवाक्याबाहेरचे वाटते, तेव्हा धास्ती किंवा निराशा येते. मोलच वाटले नाही तर कंटाळा येतो. पात्राचा चेहरा, आवाज आणि वागणे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मुलाला शब्दांवाचून सुचवत असतात. गोडी लागलेले मूल पाठाशी अधिक वेळ आणि अधिक नेटाने झगडते, आणि समज वाढते ती त्या झगडण्यामुळे.

३. गोल चेहरा आणि मोठे डोळे यांनी खरोखर फरक पडतो का?

पडतो, पण तो माफक असतो. बाळासारखी ठेवण, म्हणजे मोठे कपाळ, मोठे डोळे आणि गुबगुबीत गाल, पाहिली की माणसाच्या मनात माया दाटते, ही कल्पना कोन्राड लॉरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडली. शिकण्याच्या संदर्भात तिची तपासणी बरीच नंतर झाली. उम, प्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये रोगप्रतिकारशक्तीवरील एकच पाठ दोन रूपांत तयार केला : एकात साध्या करड्या आकृत्या होत्या, तर दुसऱ्यात गोल, चेहऱ्यासारख्या आकृत्या आणि उबदार रंग होते. दुसऱ्या रूपाने शिकणाऱ्यांची समज अधिक चांगली दिसली. रिचर्ड मायर आणि गॅब्रिएल एस्ट्रेला यांनी २०१४ मध्ये विषाणूमुळे सर्दी कशी होते या पाठातील पेशीला बोलके डोळे दिले, आणि तेथेही निकाल त्याच दिशेचा आला.

मात्र हे प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर आणि काही मिनिटांच्या पाठांवर झाले होते, ही गोष्ट आम्ही पालकांना आवर्जून सांगतो. दुसरीतले मूल वर्षभर तेच पात्र पाहत राहिले तर काय होईल, हे त्यांवरून सांगता येत नाही. त्यांवरून कळते ते इतकेच की चेहरा पाठाच्या गाभ्यालाच दिला होता. पेशीविषयी शिकायचे होते आणि डोळे पेशीलाच होते. कोपऱ्यात नाचणाऱ्या सशाला नव्हते.

४. रंग कोणते असावेत?

उबदार रंगांनी मुले आनंदी होतात असे सर्रास सांगितले जाते, परंतु प्लास आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील प्रयोगात नुसत्या उबदार रंगाने भावनांत फरक पडला नाही. गोल, चेहऱ्यासारख्या आकाराने पडला. तेव्हा रंगांची चिंता थोडी कमी केली तरी चालेल. एक पथ्य मात्र पाळावे : बरोबर म्हणजे हिरवा आणि चूक म्हणजे लाल एवढ्यावरच विसंबू नये, कारण काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, या दोन रंगांतला फरक दिसत नाही.

५. पात्र सतत स्क्रीनवर असावे का?

नसावे. जेम्स लेस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हर्मन नावाच्या बोलक्या किड्यासोबत मुलांना वनस्पतीविज्ञान शिकवले, तेव्हा असे दिसले की पात्राच्या नुसत्या असण्यानेही मुलांना शिकण्याचा अनुभव अधिक चांगला वाटतो. परंतु पुढे २००१ मध्ये रोक्साना मोरेनो आणि सहकाऱ्यांनी त्याच हर्मनचे चित्र काढून टाकून पाहिले, तर शिकण्यात विशेष घट झाली नाही. फरक पडला तो छापील मजकुराच्या जागी आवाज आल्याने आणि मुलांना स्वतः काही ठरवू दिल्याने. अशा ४३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण श्रोडर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये केले. पात्रामुळे होणारा लाभ खरा पण लहान आहे, असे त्यातून दिसले.

आमची मैना शब्द सुरू होताना येते, एखादा अक्षरभेद दाखवते आणि मूल वाचू लागले की फांदीवर स्थिर बसते, डोळेसुद्धा मिचकावत नाही. स्क्रीनवर काहीही हलले की नजर तिकडे जाते, आणि नुकते वाचायला शिकणाऱ्या मुलाजवळ उधळायला जास्तीचे लक्ष नसते.

६. मुलाचे उत्तर चुकले की पात्राने काय करावे?

सर्व घडणीत सर्वाधिक काळजी याच क्षणाची घ्यावी असे आमचे ठाम मत आहे, आणि ते आम्हाला आमच्या चुकीतून कळले. आमच्या पहिल्या पाठांत उत्तर चुकले की मैनेच्या भुवया खाली येत आणि ती मान फिरवून घेई. चूक झाली हे मुलाला कळावे, एवढाच आमचा हेतू होता. दोन-तीन रविवारांत असे दिसू लागले की काही मुले शब्द वाचण्याआधी स्क्रीनऐवजी शेजारी बसलेल्या आईकडे पाहतात. एक मुलगी तर येत असलेले उत्तरही देईनाशी झाली. तिच्या आजींनी फोनवर सांगितले, “मैना रुसते म्हणून ती बोलतच नाही.”

आजींच्या त्या एका वाक्याने आम्हाला आमची गफलत दाखवली. ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळ होणे ही डोळ्यांची आणि सवयीची अडचण आहे. आमच्या मैनेने तिला नात्यातली अडचण करून टाकले होते. आपण चुकलो की समोरचा दुरावतो असे एकदा वाटले की मूल चूक टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग धरते, तो म्हणजे उत्तरच न देणे. शाळेत, पाढे म्हणताना आपल्यापैकी अनेकांनी हे अनुभवले आहे.

मग आम्ही ते दृश्य बदलले. आता ‘वाघ’ हा शब्द ‘वाध’ असा वाचला गेला तर मैना मुलाकडे न पाहता शब्दाकडे मान कलती करून पाहते. ती पाहते तिकडे मुलाचीही नजर जाते. मग ‘घ’ हे एकच अक्षर थोडे मोठे होते आणि मैना म्हणते, “हे अक्षर पुन्हा पाहू या.” ‘चूक’ हा शब्द ती उच्चारत नाही, पण उत्तर बरोबर असल्याचा आवही आणत नाही. मधला क्षणभराचा थांबा आम्ही जाणूनबुजून ठेवला आहे, कारण पुष्कळ मुले त्या क्षणात स्वतःच दुरुस्ती करतात. ती मुलगी पुढच्याच रविवारी बोलू लागली असे म्हणता येणार नाही. तिला जवळपास महिना लागला.

याच्या उलट टोकाचा दोषही टाळावा. चूक झाल्यावर पात्र गमतीशीर कोलांटी मारत असेल, तर ती कोलांटी पाहण्यासाठी मुले मुद्दाम चुकतात.

७. आणि उत्तर बरोबर आले की? शाबासकीने तर नुकसान होत नाही ना?

कोणत्या गोष्टीला शाबासकी दिली, यावर ते अवलंबून आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ मधील प्रयोगांत “तू हुशार आहेस” असे ऐकलेली पाचवीतली मुले पुढे अवघड कोडी आल्यावर लवकर खचली. मेहनतीचे कौतुक ऐकलेली मुले टिकून राहिली. म्हणून आमची मैना म्हणते, “तू ‘ळ’ नीट ऐकलास.” फटाके, तारे आणि टाळ्यांचा कडकडाट आम्ही ठेवलेला नाही. प्रत्येक शब्दाला टाळ्या मिळाल्या तर त्यांना काही अर्थ उरत नाही.

८. मग पात्राने नेहमी हसतच राहावे का?

तसे नाही. शिकवणाऱ्याचा सूर प्रसन्न असेल तर शिकणारा त्याच्याशी अधिक जोडला जातो, आणि ॲनिमेटेड शिक्षकाच्या चेहऱ्यावरचा आनंद किंवा कंटाळाही पाहणाऱ्यांना ओळखू येतो, असे मायर यांच्या गटाच्या अलीकडच्या कामातून दिसले आहे. परंतु प्रसन्न असणे म्हणजे सतत दात दाखवणे नव्हे. सिडनी डीमेलो आणि आर्थर ग्रेसर यांनी २०१२ मध्ये मांडले की काही वेळा गोंधळून जाणे हे खोलवर शिकण्याचे लक्षण असते, फक्त त्या गोंधळातून वाट निघाली पाहिजे. ती निघाली नाही तर वैताग येतो आणि मग कंटाळा. मूल विचारात पडले असताना पात्र त्याच्यासमोर हसत उभे राहिले, तर मुलाला एकटे पडल्यासारखे वाटते. अशा वेळी पात्रानेही विचारात पडावे. गोष्टीत कोणी हरवले किंवा मरण पावले, तर पात्राने गंभीर होणेच योग्य आहे. मुलांना दुःखापासून लपवण्यापेक्षा दुःखात सोबत देणे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

९. हुबेहूब माणसासारखे पात्र अधिक परिणामकारक ठरेल का?

जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये असे मांडले की कृत्रिम आकृती माणसाच्या जवळ जात गेली की आपुलकी वाढत जाते, पण अगदी जवळ पोहोचून थोडी उणी राहिली की एकदम अस्वस्थ वाटू लागते. त्वचा खरी, पण डोळे निर्जीव. ओठ हलतात, पण गाल हलत नाहीत. अशा चेहऱ्यांना लहान मुले “हिची भीती वाटते” म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मानावे. मर्यादित खर्चात काम करणाऱ्यांनी साधे रेखाचित्र आणि नेमक्या भुवया यांवर भर द्यावा.

१०. आवाज कसा असावा? आमची मुले हिंदीमिश्रित मराठी बोलतात. पात्राने पुण्याची मराठी बोलावी का?

मायर आणि सहकाऱ्यांच्या २००३ मधील प्रयोगांत यंत्राच्या आवाजापेक्षा माणसाच्या आवाजातून, आणि परक्या धाटणीच्या उच्चारांपेक्षा ओळखीच्या उच्चारांतून, शिकणे अधिक चांगले झाले. २००४ मध्ये असेही दिसले की श्वसनसंस्थेच्या पाठात “फुप्फुसे” ऐवजी “तुझी फुप्फुसे” अशी आपुलकीची भाषा वापरली, तर शिकलेले नव्या प्रश्नाला अधिक चांगले लावता येते. म्हणून पात्राने मुलाला ‘तू’ म्हणावे. ‘आपण’ आणि ‘कृपया’ यांनी सजवलेली भाषा बँकेच्या सूचनेसारखी वाटते.

बोलीविषयी आम्ही मधला मार्ग धरला आहे. मैनेचा आवाज इंदुरातच वाढलेल्या एका काकूंचा आहे, आणि त्यांच्या बोलण्यातला हिंदीचा हेल आम्ही पुसलेला नाही. उच्चार मात्र चोख ठेवले आहेत, कारण आमच्या मुलांची खरी अडचण तेथेच आहे. हिंदी शाळेत ‘ळ’ भेटत नाही, म्हणून ‘फळ’ हा शब्द ‘फल’ असा वाचला जातो. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले दोन ‘च’ कानाला वेगळे लागत नाहीत. येथे चोचीची हालचाल अपुरी पडते, म्हणून ‘ळ’ शिकवताना जीभ टाळूला कुठे लागते हे आम्ही वेगळ्या चित्राने दाखवतो. मुलाची घरची बोली ही चूक आहे, असा भाव पात्राच्या चेहऱ्यावर कधीही येऊ देऊ नये. कारण सहाव्या प्रश्नात सांगितलेच आहे.

११. पात्राचा पोशाख आणि घर आपल्यासारखे असणे इतके महत्त्वाचे आहे का?

युनिसेफने १९९० च्या दशकात दक्षिण आशियासाठी मीना ही मुलगी घडवली, आणि त्या कामात ज्येष्ठ ॲनिमेशनकार राम मोहन यांचा मोठा वाटा होता. मीना कोणत्याही एका देशाची वाटू नये आणि तरीही सर्वांना आपली वाटावी, असा तिचा पोशाख आणि गाव योजले होते. आम्हाला इतक्या मोठ्या प्रदेशाचा विचार करावा लागला नाही. मैनेच्या फांदीमागे राजवाड्याचा सज्जा दिसतो आणि सकाळच्या पाठात पोहे-जिलबीची बशी असते. ती बशी पाहून मुले बोलू लागतात, आणि आमचे काम तेथूनच सुरू होते. सजावट मात्र पाठातल्या शब्दांशी जुळलेलीच असावी (पाचवा प्रश्न पाहा).

१२. निर्जीव वस्तूंना आणि प्राण्यांना माणसासारखे दाखवले तर मुलांच्या मनात गैरसमज बसणार नाही का?

ही शंका योग्य आहे. पॅट्रिशिया गानिआ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की प्राण्यांविषयीची माहिती मानवी ढंगात सांगितली तर लहान मुले प्राण्यांना माणसाचे गुण अधिक चिकटवतात. त्याच गटाच्या २०१८ मधील अभ्यासात वाटून घेण्याची शिकवण देणारी गोष्ट माणसांच्या पात्रांनी सांगितली तेव्हा चार ते सहा वर्षांची मुले अधिक उदार झाली. कपडे घातलेल्या प्राण्यांच्या गोष्टीने तसे झाले नाही.

यावरून आम्ही आपल्यापुरता असा नियम केला आहे की मैना अक्षरे शिकवू शकते, पण पक्ष्यांविषयीचा पाठ असेल त्या दिवशी ती बाजूला राहते आणि खऱ्या साळुंकीचे छायाचित्र दाखवले जाते. वागणुकीचे पाठ माणसांच्याच पात्रांकडे द्यावेत. पेशीला डोळे देण्याचे प्रयोग (तिसरा प्रश्न) मोठ्यांवर झाले होते. पेशी खरोखर हसत नाही हे त्यांना ठाऊक असते. पहिलीतल्या मुलाला ते एकदा स्पष्ट सांगावे लागते.

१३. माझी मुलगी पात्राला जेवायला बोलावते. हे काळजीचे आहे का?

नाही. सँड्रा कॅल्व्हर्ट यांच्या गटाच्या २०११ आणि २०१३ मधील अभ्यासांत दिसले की दोन वर्षांच्या आतबाहेरची मुले ओळखीच्या पात्राकडून अधिक चांगली शिकतात, आणि पात्राच्या बाहुलीला भरवण्या-निजवण्याचा खेळ त्यांनी आधी खेळला असेल तर त्यांचे शिकणे सुधारते. जिव्हाळा शिकण्याच्या उपयोगी पडतो. काळजी करावी ती या जिव्हाळ्याचा कोणी गैरवापर करत असेल तेव्हा. ॲप बंद करताना पात्र रडत असेल, “मला सोडून जाऊ नकोस” म्हणत असेल किंवा पैसे भरल्यावरच हसत असेल, तर ते ॲप काढून टाकावे. याबाबतीत आम्ही कोणतीही सवलत मानत नाही.

१४. आमचा मुलगा आठवीत आहे. त्याला हे सर्व बालिश वाटते. त्याचे काय करावे?

त्याच्यावर पात्र लादू नये. वर उल्लेखिलेल्या ४३ अभ्यासांच्या विश्लेषणातही पात्राचा लाभ शालेय वयात अधिक आणि महाविद्यालयात कमी दिसला होता. आठवीतल्या मुलाला पात्र बंद करण्याची सोय आणि चांगला आवाज दिला तरी पुरते.

१५. ऑटिझम असलेल्या किंवा फिट येणाऱ्या मुलांसाठी वेगळी काळजी लागते का?

लागते. ऑटिझम असलेल्या काही मुलांना चेहऱ्यावरचा सूक्ष्म भाव वाचणे अवघड जाते, म्हणून पात्राचा भाव शब्दांतही सांगावा आणि तो प्रत्येक वेळी सारखाच असावा. भाव अचानक बदलला तर ती मुले गोंधळतात. आवाज आणि हालचाल कमी करण्याची सोय असावी. फिट येणाऱ्या मुलांच्या बाबतीत धोका शारीरिक आहे : डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये दूरदर्शनवरील एका कार्टूनमधील वेगवान लाल-निळ्या लखलखाटामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही वापरता यावे यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांनुसार स्क्रीनवर एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखाट होऊ नये. अशा मुलांसाठी डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

१६. अगदी लहान बाळांना अशी पात्रे दाखवावीत का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बाळांना स्क्रीन नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको. आमच्या वर्गात आम्ही सहा वर्षांखालील मूल घेत नाही.

१७. एखादे ॲप किंवा व्हिडिओ चांगला आहे की नाही, हे आम्ही घरी कसे तपासावे?

प्रथम आवाज बंद करून पाच मिनिटे पाहावे. पात्र नसते तरी पाठ समजला असता का, की पात्र दाखवते म्हणूनच नजर योग्य जागी जाते, हे त्यातून लक्षात येते. मग स्क्रीन झाकून नुसता आवाज ऐकावा. त्यानंतर स्वतः तीन उत्तरे मुद्दाम चुकवावीत आणि तिसऱ्या चुकीनंतर पात्र आपल्याशी कसे वागते ते पाहावे, कारण पहिल्या चुकीला बहुतेक पात्रे समजूतदार असतात. शेवटी मुलासोबत बसावे, पण डोळे स्क्रीनवर न ठेवता मुलाच्या चेहऱ्यावर ठेवावेत. उत्तर चुकल्यावर मूल स्क्रीनकडे झुकते की मागे सरते, ते पाहावे. मागे सरत असेल, तर आमच्या त्या आजींप्रमाणे त्यालाच विचारावे, की पात्र त्याला काय म्हणाले.